दुसरा रिमोट

मे महिन्यातली डोंबिवली ज्यांनी नव्वदच्या दशकात पाहिली आहे, त्यांना सकाळी अकरानंतरची ती शांतता आठवत असेल. कमावती मंडळी सातच्या आगेमागे लोकलला लटकून मुंबईकडे गेलेली. मागे उरलेलं गाव मुलांचं आणि आजी-आजोबांचं. उन्हात खेळायला बंदी. मग घराघरांतून पत्ते निघायचे, कॅरमवर बोरिक पावडर पडायची आणि टीव्हीखालच्या कपाटातून आणखी एक वस्तू बाहेर यायची. तिला कुणी खास नाव दिलं नव्हतं. ती होती नुसती ‘व्हिडिओ गेम’. एक प्लास्टिकचा डबा, अँटेनाच्या जागी खुपसायची वायर, वरच्या खाचेत बसणारी कॅसेट आणि दोन वायरींच्या टोकांना लोंबकळणारे दोन रिमोट. खेळ सुरू झाला नाही तर कॅसेट काढायची, तिच्या तोंडात जोरात फुंकर मारायची आणि देवाचं नाव घेऊन पुन्हा बसवायची. शास्त्रीयदृष्ट्या त्या फुंकरीचा काही उपयोग नव्हता म्हणतात. आमचा अनुभव वेगळा होता!

आमच्या टिळकनगरातल्या घरी हा डबा १९९४ सालच्या दिवाळीनंतर आला. बाबांचा विरोध होता. व्हिडिओ गेम खेळलं की पिक्चर ट्यूब उडते, ही त्या वेळची सर्वमान्य समजूत. शेवटी मामाने तो परस्पर आणून दिला. मामा ठाण्याला नौपाड्यात राहायचा, आत्या कल्याणला पारनाक्याजवळ. दोघांच्या घरी असेच डबे होते. त्यामुळे सुट्टीत मुलांबरोबर कॅसेटींचीही ने-आण चाले. आईच्या पिशवीत कुरडयांच्या डब्याशेजारी रुमालात गुंडाळलेली कॅसेट डोंबिवलीहून ठाण्याला जाई आणि तिथली वेगळी कॅसेट आमच्याकडे येई. ‘९९९९ इन वन’ असं तिच्यावर ठसठशीत छापलेलं असायचं. मी एकदा वही घेऊन मोजायला बसले. खरे खेळ निघाले एकवीस. तेच खेळ निरनिराळ्या पायरीपासून सुरू करून आकडा फुगवलेला!

त्या एकवीस खेळांतले बरेचसे एकाच कंपनीचे होते, हे आम्हाला कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. त्या कंपनीच्या खेळांबद्दल आज सांगायचं आहे. मात्र मी ते सगळे दुसऱ्या रिमोटच्या बाजूने पाहिले, हे आधीच सांगून ठेवते. घरात दोन मुलं असली आणि त्यांतला मोठा मुलगा असला, की पहिला रिमोट कुणाच्या हातात जाणार याची चर्चासुद्धा होत नसे.

पत्तेवाल्यांचं घराणं

निन्टेंडो ही जपानमधल्या क्योटो शहरातली कंपनी. स्थापना १८८९ची. आपल्याकडे ‘केसरी’ सुरू होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. फुसाजिरो यामाउची नावाच्या गृहस्थाने ‘हानाफुदा’ नावाचे जपानी पत्ते बनवून विकायला सुरुवात केली. वर्षाचे बारा महिने, प्रत्येक महिन्याचं एक फूल किंवा झाड, त्याची चार-चार पानं, असा अठ्ठेचाळीस पानांचा जोड. पुढची सत्तरेक वर्षं पत्ते हाच या घराण्याचा मुख्य धंदा होता.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पत्त्यांच्या डावाला समोर माणूस लागतो. मेंढीकोटाला चार लागतात, पाच-तीन-दोनला तीन, भिकार-सावकारला दोन. एकट्याने पेशन्स लावत बसलेल्या माणसाकडे आपण जरा काळजीनेच बघतो. सत्तर वर्षं पत्ते छापणाऱ्या कारखान्याला खेळ म्हटल्यावर आधी समोरचा माणूस दिसत असला, तर नवल नाही.

या कारखान्यात १९६५ साली गुनपेई योकोई नावाचा तरुण यंत्रांच्या देखभालीसाठी नोकरीला लागला. रिकाम्या वेळात त्याने एक लांब होणारा, दूरची वस्तू पकडणारा पंजा स्वतःच्या करमणुकीसाठी बनवला. मालकाने तो पाहिला आणि १९६६ साली खेळणं म्हणून बाजारात आणला. तो धडाक्याने खपला. त्याच योकोईने १९६९ साली ‘लव्ह टेस्टर’ नावाचं यंत्र काढलं. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातांत यंत्राची दोन टोकं धरायची, आणि काटा प्रेम किती ते दाखवणार. आत होतं काय, तर अंगातून जाणारा किंचितसा विद्युतप्रवाह मोजणारं साधं मीटर. योकोईचं तत्त्व असं की नव्या महागड्या तंत्राच्या मागे धावू नये. जुनं, स्वस्त, सरावाचं झालेलं तंत्र घ्यावं आणि त्याचा कुणाला सुचला नाही असा उपयोग करावा. आपल्याकडच्या गृहिणी याला कोंड्याचा मांडा करणं म्हणतात.

रिमोटवरचं ते अधिकच्या आकाराचं बटण, ज्यावर एका पिढीच्या डाव्या अंगठ्याची कातडी घट्ट झाली, तेही योकोईचंच. ते १९८२ साली एका हातात मावणाऱ्या खेळासाठी प्रथम वापरलं गेलं. १५ जुलै १९८३ रोजी कंपनीने टीव्हीला जोडायचा ‘फॅमिकॉम’ जपानमध्ये विकायला काढला. ‘फॅमिली कॉम्प्युटर’चं हे लघुरूप. आमच्या घरातला डबा म्हणजे या फॅमिकॉमची कुठेतरी झालेली नक्कल होती. डब्यावर भलतंच नाव, कॅसेटवर भलतंच चित्र, आणि खेळाच्या पहिल्या पडद्यावरून मूळ कंपनीचं नाव बहुतेक वेळा पुसून टाकलेलं. सोबत माहितीपत्रकाचा कागद म्हणून नसे. नियम तोंडोतोंडी पसरायचे, ते ठाण्यात एक आणि कल्याणात दुसरे!

मात्र नक्कल करणाऱ्यांनी एक गोष्ट इमानदारीने उचलली होती. जपानी फॅमिकॉमच्या पहिल्या रिमोटवर ‘स्टार्ट’ आणि ‘सिलेक्ट’ अशी दोन बटणं होती. दुसऱ्यावर ती नव्हती. आमच्याही नव्हती. म्हणजे दुसरा रिमोट ज्याच्या हाती, त्याला खेळ सुरू करता येत नसे, निवडता येत नसे, मध्येच थांबवताही येत नसे. मूळ जपानी यंत्रात त्या जागी एक छोटासा मायक्रोफोन बसवलेला होता, हे मला फार पुढे वाचायला मिळालं. दुसऱ्याला सुरुवात करायचा अधिकार नाही, पण ओरडायची सोय आहे! धाकट्या बहिणीच्या स्थानाचं याहून नेमकं वर्णन कुणा समाजशास्त्रज्ञाला जमलं असेल असं वाटत नाही.

चाळीस केबीची चैन

या घराण्यातला सगळ्यांना माहीत असलेला गडी म्हणजे मारिओ. शिगेरू मियामोतो हे त्याचे जनक. १९५२ साली क्योटोजवळच्या सोनोबे गावात जन्मलेले मियामोतो १९७७ साली निन्टेंडोत लागले. १९८१च्या ‘डाँकी काँग’ या खेळात त्यांनी पिंपांवरून उड्या मारणारा एक सुतार उभा केला. पडद्यावर चित्र काढायला ठिपके इतके मोजके की तोंड दाखवता येईना. म्हणून मिशा आल्या. केस हलताना दाखवता येईनात. म्हणून टोपी आली. हाताची हालचाल उठून दिसावी म्हणून बाह्यांपेक्षा वेगळ्या रंगाची डगलेवजा पँट आली. त्याचं ‘मारिओ’ हे नाव कंपनीच्या अमेरिकेतल्या गोदामाच्या मालकावरून पडलं. जगप्रसिद्ध नायकाच्या चेहऱ्यामागे एवढीच काटकसर!

१३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हाच आमच्या कॅसेटवरचा मारिओ. अख्खा खेळ फक्त ४० केबीचा. आज सकाळी-सकाळी फोनवर येणारं ‘सुप्रभात’चं एक चित्रही बहुधा याहून मोठं असतं. तेवढ्यात आठ जगं, बत्तीस टप्पे आणि कोजी कोंडो यांचं ते कधीही न विसरता येणारं संगीत बसवायचं, तर कुठेतरी हात आखडावाच लागणार. नीट पाहिलंत तर त्या खेळातले ढग आणि झुडपं यांचा आकार तोच आहे. ढग पांढरे, झुडपं हिरवी, एवढाच फरक.

पण मारिओची खरी करामत वेगळी आहे, आणि ती आमच्या इमारतीला विशेष लागू होती. आमच्या चार मजल्यांत तेव्हा अदृश्य अशी फाळणी होऊ लागली होती. खालच्या मजल्यांवरची मुलं मराठी माध्यमातली, वरची काही इंग्रजी माध्यमात जाऊ लागलेली. पत्ते, लगोरी, डबा-ऐसपैस यांत भेद नव्हता. पण टीव्हीवरची कार्टून्स, गोष्टींची पुस्तकं, वाढदिवसाची गाणी यांत तो जाणवू लागला होता. मारिओसमोर मात्र सगळी एका ओळीत. कारण त्या खेळाला वाचावं लागतच नव्हतं. पहिल्याच पडद्यावर मारिओ डावीकडे उभा असतो आणि उजवीकडे सगळं मोकळं असतं. म्हणजे जायचं कुठे ते कळलं. समोरून एक चिडका तपकिरी प्राणी येतो. काही केलं नाहीत तर मरता. उडी मारलीत तर वाचता. वर चमकणारी वीट असते. उडी चुकून तिला लागली की नाणं मिळतं. पुढच्या विटेतून अळंबी निघते, पलीकडच्या पाइपला आपटून आपल्याच दिशेने येते, आणि नको म्हटलं तरी बहुधा अंगावर येऊन मारिओला मोठा करते. अर्ध्या मिनिटात चार धडे. शिक्षक नाही, फळा नाही, इंग्रजी नाही.

आमच्या आजीलाही खेळ कळायचा तो यामुळेच. तिच्या मते पडद्यावरचा तो उड्या मारणारा मारुती होता. राजकन्येला राक्षसाच्या किल्ल्यातून सोडवायला निघालाय, वाटेत आग आहे, उड्डाणं आहेत, मग दुसरा कोण असणार? ‘मारिओ’ हा उच्चार म्हणजे आमच्या जिभेचा आळस, अशी तिची पक्की खात्री होती.

दोघांनी खेळायचं तर मारिओनंतर पाळी लुईजीची. लुईजी हा मारिओचा धाकटा भाऊ. १९८३ सालच्या ‘मारिओ ब्रदर्स’मध्ये दुसरा खेळाडू हवा म्हणूनच तो जन्माला आला. नवं चित्र साठवायला जागा नव्हती, म्हणून मारिओचेच कपडे बदलून हिरवे केले. थोरल्याचे कपडे धाकट्याला, ही रीत जपानमध्येही आहे तर! पण गोम अशी की ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये दोघं एका वेळी खेळत नाहीत. मारिओ मेला की मग लुईजी. आणि दादा काही केल्या मरायचा नाही. मी शेजारी फतकल मारून, हातात रिमोट धरून विचारत राहायची, “दादा, कधी मरणार रे तू?” आतून आजी ओरडायची, “अगं कार्टे, तिन्हीसांजेला असलं अभद्र बोलू नये!”

नाना आणि बदक

दोघांनी एकदमच खेळायचे खेळ त्याच कॅसेटवर होते, आणि माझ्यासाठी खरी संपत्ती तीच होती. दोन रणगाडे शेजारी-शेजारी चालवायचे ते ‘बॅटल सिटी’ नाम्को कंपनीचं. उघड्या अंगाने धावणाऱ्या दोन सैनिकांचं ‘काँट्रा’ कोनामीचं. निन्टेंडोचे स्वतःचे असे दोन मला आवडायचे. एक ‘बलून फाइट’. दुसरा १९८५चा ‘आइस क्लाइंबर’. त्यात हातोड्याने डोक्यावरचा बर्फ फोडत, मजल्यामागून मजला चढत डोंगराच्या माथ्यावर जायचं. निळ्या कपड्यांतला पोपो पहिल्या रिमोटचा, गुलाबी कपड्यांतली मुलगी दुसऱ्या रिमोटची. तिचं नाव नाना. हे नाव तेव्हा कळलं असतं तर इमारतीत मला पळता भुई थोडी झाली असती. आमच्याकडे नाना म्हणजे तळमजल्यावरचे, हातात टॉर्च घेऊन पाण्याची टाकी तपासणारे निवृत्त गृहस्थ!

या खेळाची एक कठोर अट आहे. पडदा नेहमी वर चढणाऱ्याबरोबर सरकतो. पुढचा फार वेगाने वर गेला, की मागचा ज्या पायरीवर उभा असतो ती पायरीच पडद्याबाहेर जाते आणि मागच्याचा जीव जातो. त्याची काही चूक नसते. म्हणून माथ्यावर दोघं पोचायची असतील तर पुढच्याने थांबायला शिकावं लागतं. दादा हे शिकला. फार उशिरा, पण शिकला. पाचव्या-सहाव्या डोंगरावर तो बर्फाच्या कडेला उभा राहून म्हणायचा, “ये, ये, मी थांबलोय.” माझ्या लहानपणी मला उद्देशून बोललेल्या वाक्यांत याहून गोड वाक्य मला आठवत नाही.

पुढे घरात एकाच्याच क्लासची फी परवडत होती, तेव्हा ती दादाची भरली गेली. तशी त्या काळी अनेक घरांत भरली गेली, आणि आमच्यापैकी कुणाला त्यात विशेष काही वाटलं नाही. पण तेव्हापासून तो बर्फाचा डोंगर मला आठवतो. कुटुंबाचा पडदाही वर चढणाऱ्याबरोबरच सरकत असतो.

‘डक हंट’ आठवतं? प्लास्टिकच्या बंदुकीने टीव्हीतली बदकं मारायची. ती बंदूक गोळी झाडत नव्हती, उलट तीच बघत होती! चाप ओढला की क्षणभर पडदा काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा आणि बंदुकीच्या तोंडातला प्रकाश ओळखणारा भाग तो चौकोन समोर आहे का ते तपासायचा. हा मेळ जुन्या काचेच्या ट्यूबवरच जमतो, म्हणून आजच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक आंधळी. बंदूक अर्थातच दादाकडे. पण मूळ माहितीपत्रकात एक सोय लिहिलेली होती: एका बदकाच्या खेळात, ज्याच्या हाती बंदूक नाही त्याने रिमोट घ्यावा आणि बदक उडवावं. आमच्याकडे तो कागद कधी आलाच नाही. मी शेजारी बसून बदकं पडताना बघत राहिले.

कॅसेटमध्ये न मावलेलं

नकलेच्या कॅसेटमध्ये लहान खेळच ठासून भरता येत. त्यामुळे आमच्यापर्यंत निन्टेंडोचा प्रवास पोचला तो साधारण १९८५पर्यंतचा. दहा वर्षांनी आम्ही त्याच्यावर पोसलो गेलो, आणि त्यानंतरचं फारसं काही वाट्याला आलं नाही. त्यात दोन मोठ्या मालिका हुकल्या.

पहिली ‘द लेजंड ऑफ झेल्डा’, १९८६ची. मियामोतो लहानपणी सोनोबेच्या रानात भटकत, गुहेत दिवा घेऊन शिरत. ती भीती आणि ते कुतूहल त्यांना खेळात आणायचं होतं. रस्ता आखलेला नाही, वाट्टेल तिकडे जा, गुहा शोधा. एवढ्या मोठ्या जगात एका बैठकीत भागणार नाही, म्हणून परदेशी निघालेल्या त्याच्या कॅसेटमध्ये छोटी बॅटरी घातली. यंत्र बंद केलं तरी तुम्ही कुठवर पोचलात ते लक्षात राहायचं. आमच्या कॅसेटींत ही आठवण ठेवायची सोय नव्हती. डोंबिवलीत वीज गेली की राजकन्या पुन्हा आठव्या किल्ल्यात. रोज नव्याने पहिल्या पायरीपासून. त्यामुळे पहिला टप्पा आमच्या पिढीला डोळे मिटून पाठ आहे आणि शेवटचा किल्ला पाहिलेले लोक मोजकेच.

दुसरी मालिका ‘मेट्रॉइड’, तीही १९८६चीच. परग्रहावरच्या भुयारांत एकट्याने उतरणारा चिलखतधारी वीर, नाव सामस आरान. खेळ ठरावीक वेळेच्या आत पुरा केला तर शेवटी सामस शिरस्त्राण काढते आणि कळतं, की ही बाई आहे! जपानमध्ये हा धक्का १९८६ साली बसला. राजकन्या पीचलाही १९८८ साली अमेरिकेत निघालेल्या मारिओच्या दुसऱ्या भागात खेळायला मिळालं, नुसती किल्ल्यात बसून राहिली नाही. हे सगळं जगात होऊन गेलं होतं, आणि टिळकनगरातली दहा-अकरा वर्षांची एक मुलगी मात्र समजत होती की मुलींसाठी खेळात गुलाबी कपड्यांची एक हातोडीवालीच काय ती आहे. नक्कल करणाऱ्यांनी काय घेतलं याची चर्चा पुष्कळ होते. त्यांनी काय गाळलं, हे ज्यांच्या वाट्याला ते आलं नाही त्यांनाच विचारावं.

बुजलेल्या तळ्यांतून निघालेले प्राणी

तिसरी मोठी मालिका आपल्याकडे टीव्हीच्या वाटेने आली. २००३च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर हिंदीत बोलणारा पोकेमॉन सुरू झाला आणि घराघरांत पिकाचू शिरला. मूळ खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निघाला. सातोशी ताजिरी हे त्याचे कर्ते. ते वाढले टोकियोच्या माचिदा या उपनगरात. लहानपणी तिथे शेतं होती, तळी होती, आणि त्यांना किडे गोळा करायचा नाद होता. बघता बघता शेतांवर इमारती उठल्या, तळी बुजली, किडे गेले. पुढच्या पोरांना किडे पकडण्याचा तो आनंद मिळावा, म्हणून त्यांनी पडद्यावर प्राणी सोडले.

हे वाचलं तेव्हा मला वाटलं, माचिदा म्हणजे आपलंच डोंबिवली की! आमच्या इमारतीमागेही भातखाचरं होती. पावसाळ्यात बेडकांचा गलका, ऑक्टोबरात चतुर, आणि काडेपेटीत जपून ठेवलेला सोनकिडा. दहावीपर्यंत ते सगळं स्लॅबखाली गेलं.

ताजिरींची खरी कल्पना मात्र पुढेच आहे. दोन ‘गेमबॉय’ यंत्रं एका तारेने जोडता येत. त्या तारेवरून एक किडा चालत पलीकडे जातोय, असं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. म्हणून पोकेमॉनच्या दोन आवृत्त्या एकदमच काढल्या, लाल आणि हिरवी. काही प्राणी फक्त एकीत, काही फक्त दुसरीत. एकट्याने कितीही खेळा, संग्रह पुरा होत नाही. मित्राकडे जावंच लागतं, त्याला काही द्यावं लागतं, त्याच्याकडून काही घ्यावं लागतं. इथे पहिला रिमोट आणि दुसरा रिमोट नाहीच. दोघंही एकमेकांचे दुसरे.

जुलै २०१६मध्ये फोनवरचा ‘पोकेमॉन गो’ आला. भारतात तो अधिकृतपणे डिसेंबरात सुरू झाला, पण ठाण्यात त्याची कुणी वाट पाहिली नाही. त्या पावसाळ्यात तलावपाळीवर फोन पुढे धरून मासुंद्याच्या कडेने चालणारी तरुण मुलं मी पाहिली आहेत. भेळवाले त्यांना वाट करून देत होते. बुजलेल्या तळ्यांच्या आठवणीतून निघालेला खेळ तळी शाबूत राखलेल्या गावात येऊन पोचला होता.

मधल्या काळात

दादा इंजिनीअर झाला, अमेरिकेला गेला आणि सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंड गावात स्थिरावला. निन्टेंडोची अमेरिकेतली मुख्य कचेरी त्याच गावात आहे, हा निव्वळ योगायोग. मी डोंबिवलीतच राहिले. मी इथे आहे म्हणून तो तिथे निर्धास्त असतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे आणि त्यावर आम्ही बोलत नाही.

२०२४च्या डिसेंबरात त्याची मुलगी सुट्टीला आली. तिच्या बॅगेत निन्टेंडोचा ‘स्विच’ होता. २०१७ साली निघालेल्या या यंत्राचा रिमोट मधून सुटतो आणि त्याचे दोन होतात. दुसऱ्या माणसाची सोय खोक्यातच. तिने मला त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आलेला झेल्डा दाखवला, ‘इकोज ऑफ विजडम’. मालिकेचं नाव झेल्डाचं, पण इतकी वर्षं पराक्रम करायचा तो लिंक नावाचा मुलगा आणि झेल्डाची व्हायची सुटका. या मुख्य मालिकेत झेल्डा स्वतः निघाली ती पहिल्या खेळानंतर ३८ वर्षांनी, आणि त्याच्या दिग्दर्शनात प्रथमच एक बाई होत्या, तोमोमी सानो. इथे लिंक नाहीसा होतो आणि राजकन्या त्याला शोधायला निघते. भाचीला यात विशेष काही वाटलं नाही. तिला ते साहजिकच वाटत होतं. मी मात्र बराच वेळ गप्प होते.

नंतर आम्ही २०२३चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’ लावला. त्यात चौघं एकदम धावतात. पीच आहे, डेझी आहे, लुईजी आहेच. कुणी कुणाच्या मरणाची वाट बघत नाही. सत्तरीच्या आईलाही एक रिमोट दिला. तिने पाच मिनिटांत चार वेळा खड्ड्यात उडी घेतली आणि दर वेळी नातीने तिला परत आणलं. मराठी त्या यंत्राला येत नाही, त्याच्या यादीत आपली भाषा नाही. पण पहिल्या टप्प्यावर १९८५सारखंच अजूनही काही वाचावं लागत नाही, म्हणून आईचं कुठे अडलं नाही.

मुलांनी काय खेळावं, किती खेळावं, यावर वर्तमानपत्रांतून तज्ज्ञ मंडळी पुष्कळ सांगतात. मी तज्ज्ञ नाही. खेळ किती हिंसक, किती महाग, डोळ्यांना किती त्रास, हे सगळं जरूर पाहावं. पण त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट विचारून बघा: यात दुसऱ्याला जागा आहे का? असली तर त्या दुसऱ्याला नुसतं शेजारी बसून बघायचं आहे, की काही करायचं आहे? आणि पुढे गेलेल्याला मागच्यासाठी थांबावं लागतं का? मुलाच्या हातातल्या फोनवरच्या खेळालाही हे प्रश्न लावून पाहा. पुष्कळ खेळ पहिल्याच प्रश्नाला गळतील.

येत्या सुट्टीत घरातला खेळ दोघांचा निघाला, तर दोन रिमोटांपैकी कुठला कुणाकडे याची एकदा अदलाबदल करून बघा. आणि माहितीपत्रकाचा कागद असेल तर तो टाकून देऊ नका. बदक कसं उडवायचं, ते त्यातच लिहिलेलं असतं.